टोपण लावून काढलेले फोटो

२६ नोव्हेंबर

सामान लावून झाले. खोली वरच्या मजल्यावर आहे, एकटीच, आणि दाराबाहेर पाच पायऱ्या चढल्या की गच्ची. गच्चीची किल्ली घरमालकीणबाईंनी खोलीच्या किल्लीबरोबर एकाच कडीत घालून दिली, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी जिना दोनदा उगाचच चढलो आणि उतरलो.

गाव लहान आहे. साडेआठला दुकाने बंद होतात आणि त्यानंतर रस्त्यावरचे अर्धे दिवे मालवतात. मी नोकरीसाठी आलो असे सगळ्यांना सांगितले आहे आणि ते खोटे नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचे काम आहे. मालक म्हणाले की, हात स्थिर आहे तुझा आणि तोंड बंद असतं, टिकशील. पण मी हे गाव निवडले ते त्याच्या अंधारासाठी.

घरमालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. त्यांनी विचारले की, काही वाजवतोस का, मित्र गोळा करतोस का, रात्री जागतोस का. पहिल्या दोन्हींना मी नाही म्हणालो. तिसऱ्याला खरे ते सांगितले, की मी आकाशाचे फोटो काढतो. काकू हातातला झाडू तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, अगं बाई, आणखी एक. मग आत लेकीला हाक मारून म्हणाल्या की, ऐकलंस का, घुबडरावांची जागा भरली.

घुबडराव म्हणजे आधीचे भाडेकरू. दिवसा डोळे चोळत फिरायचे आणि चंद्र मोठा होऊ लागला की तोंड पाडून बसायचे, म्हणून मायलेकींनी ठेवलेले नाव. मीही हसलो. मलाही चंद्र आवडत नाही.

२८ नोव्हेंबर

कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला आहे. मृग नक्षत्राच्या शेजारी एक तेजोमेघ आहे, गुलाबाच्या फुलासारखा. मधे पोकळी, पोकळीत चार-सहा निळे तारे, भोवती लाल पाकळ्या. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. मी तीन वर्षे त्याच्या मागे आहे आणि मला आजवर एक राखाडी डाग मिळाला आहे. या फोटोत पाकळ्यांवरच्या काळ्या रेघा मोजता येतात. मी मोजल्या. मग कपाट लावून टाकले.

संध्याकाळी काकूंनी माळ्यावरून एक पिशवी काढून दिली. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी घुबडरावांची खोली उघडी दिसली. अंथरुणाची घडी घातलेली, चपला दारात, आणि गच्चीवर त्यांचे यंत्र कॅमेऱ्यासकट फिरत होते. ते मात्र कुठेच नव्हते. पोलीस येऊन गेले, तळे शोधून झाले. त्यांचा भाऊ आला, कपडे घेऊन गेला आणि बाकीचे ज्याला उपयोग असेल त्याला द्या म्हणाला. काकू म्हणाल्या की, एवढा थोरला माणूस, उडून तर जाणार नाही ना.

पिशवीत त्यांचा कॅमेरा, एक डिस्क, एक छोटी वही आणि गच्चीवर फिरत असलेले ते यंत्र, म्हणजे ट्रॅकर, आहे. मला ट्रॅकर घेणे कधी जमले नव्हते. जेवणाच्या डब्याएवढा आहे, वजन सव्वा किलो. ट्रायपॉडवर बसवायचा, त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा आणि वर कॅमेरा लावायचा. मग तो कॅमेऱ्याला आकाशाच्या चालीने फिरवतो, तेवीस तास छप्पन्न मिनिटांत एक फेरी. त्यामुळे तीन मिनिटांच्या फोटोतही तारे टिंबांसारखे राहतात. जमिनीवरचे सगळे मात्र, शेजारची पाण्याची टाकी, झाड, विजेचा खांब, ओल्या रंगावरून हात फिरवावा तसे फरपटते. आकाश रेखीव हवे असेल तर जमीन सोडावी लागते.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे: गुलाबाचे ४१२ झाले, सहाशे हवेत. टोपणाचे २९ झाले, एक बाकी.

२ डिसेंबर

गच्चीच्या फरशीवर बाटलीच्या बुचाएवढे तीन लाल गोल रंगवलेले आहेत. ट्रायपॉडचे पाय कुठे ठेवायचे याच्या घुबडरावांच्या खुणा. मी माझा ट्रायपॉड मुद्दाम चार हात लांब ठेवला आणि कॅमेराही माझाच लावला. दोन तास ध्रुवतारा नेमका पकडण्यात गेले. तारे जिऱ्यासारखे लांबट आले.

काकूंची लेक वाळत घातलेले कपडे काढायला वर आली होती. ती वाचनालयात कामाला आहे आणि कमी शब्दांत बोलते. म्हणाली की, ते खुणांवर पाय टेकवायचे आणि पाच मिनिटांत सुरू व्हायचे, टॉर्चला लाल कागद लावून मी धरायची. मी टॉर्च तोंडात धरला होता, त्यामुळे उत्तर देता आले नाही. टॉर्च धरू का, असे तिने विचारले नाही.

जाताना म्हणाली की, फेब्रुवारीत वाचनालयाच्या दालनात गावातल्या लोकांची चित्रे आणि फोटो लावतात. गेल्या वर्षी समोरची भिंत घुबडरावांसाठी राखली होती, ती रिकामीच राहिली. यंदाही अजून रिकामी आहे.

शाळेच्या वर्गाच्या फोटोत मी कडेला उभा होतो. छापताना कड कापली गेली आणि माझा एक कान आणि एक खांदा तेवढा उरला. पुढच्या वर्षी शाळाच सुटली. त्या समोरच्या भिंतीवर, खाली माझे नाव असलेला एक फोटो. एवढेच मला हवे आहे.

९ डिसेंबर

अमावास्या जवळ आली. शेवटी खुणांवर पाय ठेवले आणि कॅमेराही त्यांचाच लावला. ध्रुवतारा पहिल्याच नजरेत जागेवर होता. मला बरे वाटायला हवे होते.

अडतीस फोटो मिळाले. एकट्या फोटोत फारसे काही दिसत नाही. शेकडो काढून संगणकावर एकावर एक बसवायचे असतात. जे सगळ्यांत असते ते उजळत जाते. जे एखाद्यातच असते, विमान म्हणा, उपग्रह म्हणा, ते संगणक चूक समजून टाकून देतो. शिवाय लेन्सला टोपण लावून तेवढ्याच वेळाचे काही फोटो काढायचे. त्यांत फक्त कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष येतात, ते मूळ फोटोतून वजा करायचे. घुबडरावांचे टोपणाचे एकोणतीस डिस्कवर होते. कॅमेरा तोच, थंडी तेवढीच, म्हणून मी तेच वापरले.

माझ्या अडतीस फोटोंचा गुलाब फिकट आला, पण गुलाब आला. मग कपाट उघडून त्यांचा पाहिला. पाहायला नको होता.

११ डिसेंबर

त्यांचे चारशे बारा आणि माझे अठ्ठावन्न एकत्र बसवले. केवळ कसे दिसते ते बघण्यासाठी.

पहाटेपर्यंत त्याच्यासमोर बसून होतो.

१४ डिसेंबर

दुकानात मालकांना दाखवला. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले की, हे तू काढलंस, आमच्या गच्च्यांवर एवढं असतं होय? मी हो म्हणालो.

काकूंच्या लेकीला दाखवला. ती वाकून बघत म्हणाली की, हा त्यांचाच वाटतो. मी म्हणालो की, माझा आहे, सहाशे पुरे झाले की वाचनालयात देणार आहे. ती म्हणाली की, मग तुम्हाला त्यांचा हात लागलाय. तिला ते कौतुकच वाटले असणार. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या की, घुबडराव असते तर किती हरखले असते.

जो माणूस नाही त्याचा इतका राग येतो, हे मला आधी माहीत नव्हते. कपाटावरचा फोटो काढून उलटा करून गादीखाली ठेवला.

६ जानेवारी

चंद्र सरला, पुन्हा सुरुवात. पाचशे चौदा झाले.

आज काल-परवाचे फोटो तपासताना डाव्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी काळे दिसले. आधी टाकी समजलो. पण टाकी उजवीकडे आहे आणि ती फरपटलेली दिसते. हे फरपटलेले नाही. एक डोके आणि एक खांदा, पाठमोरे. कान वेगळा ओळखता येतो.

वीस फोटो नीट बघितले. वीसही फोटोंत आहे. गच्चीवर उभा राहिलेला माणूस तीन मिनिटांत पुसट होतोच, मी स्वतः उभा राहून, फोटो काढून पाहिले. मी धुरासारखा आलो. तो रेखीव आहे. म्हणजे तो जमिनीवर उभा नाही. ताऱ्यांबरोबर सरकतो आहे.

मला भीती वाटायला हवी होती. पहिल्यांदा राग आला, तो माझ्या ताऱ्यांपेक्षा रेखीव आला म्हणून.

७ जानेवारी

त्यांच्या चारशे बारामध्ये तो नाही. फक्त माझ्यात आहे, खुणांवर पाय ठेवले त्या रात्रीपासून. तेव्हा कडेला केसांची एक रेघ होती. रोज थोडा थोडा आत येतो आहे. फुलाच्या दिशेने.

एखाद्यातच असते ते संगणक टाकून देतो. हा माझ्या सगळ्यांत आहे. हा उजळणार.

८ जानेवारी

दुकानातून स्पिरिट आणले आणि लाल खुणा घासून काढल्या. फरशी पांढरी होईपर्यंत. दोन हात बाजूला माझ्या निळ्या खुणा केल्या आणि ट्रायपॉड तिथे ठेवून खाली आलो.

९ जानेवारी

सकाळी ट्रायपॉड लाल खुणांवर होता. खुणा ओल्या नव्हत्या. जुन्या होत्या, एका गोलावरचा ओरखडासुद्धा होता तसा.

दुकानात मालकांनी चहा मागवला. नेहमी तीन कप येतात, मालकांना, हिशेब लिहिणाऱ्याला आणि मला. आज दोन आले. विसरतो माणूस.

१२ जानेवारी

रात्री साडेनऊला मी फाटकाशी होतो आणि काकूंनी माझ्या तोंडावर कुलूप घातले. हाक मारली तेव्हा दचकल्या. म्हणाल्या की, मेल्या, तू होय, मला वाटलं कुणीच नाही. मग जिना चढताना मागून म्हणाल्या की, जेवलात का घुबडराव. चूक लक्षात आली म्हणून हसल्या असतील असे वाटून मी वळून पाहिले. हसत नव्हत्या.

१३ जानेवारी

गुलाबाच्या पाकळ्यांत एक करडा डाग येतो आहे. वजाबाकीत चूक असेल म्हणून टोपणाचे एकोणतीस फोटो पहिल्यांदाच एकेक करून उघडले. ते काळेच असतात, कुणी उघडून बघत नाही. मी उजेड वाढवत गेलो.

ते काळे नाहीत.

पहिल्यात जिना आहे. जिन्यावर एक माणूस, दोन्ही हातांत सामान. दुसऱ्यात तोच, रिकाम्या हातांनी, पुन्हा चढताना. चौथ्यात उघड्या कपाटासमोर बोट पुढे करून काहीतरी मोजताना. नवव्यात तोंडात टॉर्च. सतराव्यात फरशीवर गुडघे टेकून घासताना.

शर्ट माझा आहे.

फायलींवर तारखा गेल्या फेब्रुवारीच्या आहेत. तेव्हा मी या गावाचे नावही ऐकले नव्हते. टोपण लावलेले होते.

शेवटच्यात, एकोणतिसाव्यात, तो गच्चीवर ट्रायपॉडपाशी उभा आहे. हातात काहीतरी लहान आणि गोल. ते काय आहे ते कळत नाही.

यांतल्या मला मी स्वतः वजा केले. डिसेंबरपासून, दर वेळी, माझ्याच हाताने.

१४ जानेवारी

डिस्क पुसली की संपेल. सगळे निवडून झाले, बोट बटणावर होते. पाच मिनिटे तरी होते.

पण तसा गुलाब मला पुन्हा मिळणार नाही. आणि मी नाही पूर्ण केला तर उद्या कुणीतरी येईल, पिशवी उघडेल, पूर्ण करील आणि खाली आपले नाव घालील.

पुसले नाही.

२ फेब्रुवारी

मधे चंद्र होता. पंधरा दिवस गच्चीला कुलूप ठेवले. तरी पाचशे चौदाचे पाचशे त्र्याहत्तर झाले आहेत. मी काढलेले नाहीत.

मालकांनी माझ्या टेबलावर काचांच्या पेट्या रचल्या आहेत. मी बाजूला उभा राहून काम केले.

४ फेब्रुवारी

काकूंची लेक सांगत होती, काकूंना, मी शेजारी उभा असताना, की भिंत तयार आहे, खिळे मारलेत, खालची पट्टीही लिहून झाली. मी विचारले की, पट्टीवर कुणाचे नाव. तिने मान वळवली नाही. काकूंनी तेच विचारले. ती म्हणाली की, त्यांचाच फोटो आहे, आणखी कुणाचं घालणार आई.

पट्टी बघून आलो. अक्षर तिचे आहे. सुंदर आहे. नाव त्यांचे आहे.

५ फेब्रुवारी

आठ वाजता गच्चीवर गेलो. ती आधीच तिथे होती. हातात टॉर्च, त्याला लाल कागद. ट्रायपॉडच्या मागे कुणी नव्हते आणि ती तिकडे बघून हळू आवाजात बोलत होती. म्हणत होती की, एवढे दिवस कुठे होतात, मी वाट बघून थकले, आणि तो वरच्या खोलीत कुणी आला होता ना, त्याचं नावही आठवत नाही आता. मग थांबली. उत्तर ऐकत असल्यासारखी. मग हसली. माझ्याशी ती कधी हसली नाही.

मी दारात होतो. तीन पावलांवर. तिला म्हणालो की, मी इथे आहे. दोनदा म्हणालो.

ती माझ्या अंगाला घासून खाली गेली. पदर सावरला. दाराला लागला असे वाटले असेल तिला.

५९१ झाले.

६ फेब्रुवारी, सात वाजता

आज सहाशे होतील. होऊ देणार नाही. खोटे कशाला लिहू. ५९९ होऊ देईन. शेवटचा त्याला मिळू देणार नाही. अपुरा राहील. मग भिंतीवर कुणाचाच नाही. माझा नाही, तर त्याचाही नाही.

आठ

मी बटणाला हात लावलेला नाही. कॅमेरा आपोआप चालतो आहे. ट्रॅकरचा बारीक आवाज. वारा नाही. ५९५.

आठ पंधरा

कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. तो आता मधोमध आहे, पोकळीत, निळ्या ताऱ्यांवर. पाठमोरा नाही. माझ्याकडे —

चेहरा ओळखीचा नाही. आनंदी आहे. घरी परत आलेल्या माणसासारखा.

५९९

पाकळ्या किती स्वच्छ आहेत. मला अशा कधीच — एकदाही —

सहाशेवा सुरू झाला. टोपण माझ्या खिशात होते. धावत जाऊन लावले. घट्ट. अंगठ्याने दाबून पाहिले. आता त्याला काही दिसणार नाही. तीन मिनिटे काळोख. हा वाया गेला. मी घालवला. जिंकलो —

वही गुडघ्यावर घेऊन ट्रायपॉडपाशी बसलो आहे. दोन मिनिटे उरली. पडद्यावर आकडे उलटे जात आहेत. आकड्यांच्या शेजारी ६०० नाही. ३० आहे.

टोपणाचे २९ झाले, एक बाकी.

लहान आणि गोल. त्या फोटोत माझ्या हातात — ते टोपण होते. टोपण लावलेला फोटो आहे हा. मीच लावले. यात कोण येते ते मला —

काढायला गेलो. निघत नाही. बोटांना ते लागतच नाही. बोटे मला नीट दिसत नाहीत, फरपटल्यासारखी —

खाली काकू हाक मारत आहेत. म्हणताहेत की, घुबडराव, जेवायला या. जिन्याच्या बाजूने कुणीतरी म्हणाले की, आलो. माझ्या मागून. मी म्हणालो नाही. मी इथे आहे. चाळीस सेकंद. माझे नाव लिहून ठेवतो, इथे, मोठ्या अक्षरात, म्हणजे निदान वहीत तरी. माझे नाव